आयातशुल्क लावण्याचा अधिकार नक्की कुणाचा? अमेरिकन काँग्रेसला उशिरा आलेली जाग

तटस्थ (धागाकर्ता)

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी २०२६ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी दिलेल्या निकालानंतर आपल्याकडची बहुतेक चर्चा 'ट्रम्प यांना चपराक' या एकाच मुद्द्याभोवती फिरत आहे. १९७७ च्या आंतरराष्ट्रीय आणीबाणी आर्थिक अधिकार कायद्याचा आधार घेऊन राष्ट्राध्यक्षांना आयातशुल्क लावता येत नाही, असे बहुमताच्या निकालपत्रात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी म्हटले आहे, आणि त्या सहा जणांत ट्रम्प यांनीच नेमलेले दोन न्यायमूर्ती आहेत. निकाल महत्त्वाचा आहेच. तरीही मला या धाग्यात न्यायालयाविषयी कमी आणि काँग्रेसविषयी, म्हणजे तिथल्या संसदेविषयी, जास्त लिहायचे आहे. हा अधिकार राष्ट्राध्यक्षांनी हिसकावून घेतलेला नाही. काँग्रेसने तो रीतसर कायदे करून गेली नव्वद वर्षे थोडाथोडा देऊन टाकला, आणि आता परत मागताना तिच्या लक्षात येत आहे की देण्यासाठी साधे बहुमत पुरले होते, परत घेण्यासाठी मात्र दोनतृतीयांश लागणार आहे.

अमेरिकेच्या राज्यघटनेतील पहिल्या अनुच्छेदाचे आठवे कलम कर आणि शुल्क बसवण्याचा, तसेच परदेशांशी होणाऱ्या व्यापाराचे नियमन करण्याचा अधिकार काँग्रेसला देते. राष्ट्राध्यक्षांचे अधिकार सांगणाऱ्या दुसऱ्या अनुच्छेदात आयातशुल्काचे नावही नाही. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी ४ जुलै १७८९ रोजी सही केलेला शुल्काचा कायदा हा नव्या काँग्रेसच्या अगदी सुरुवातीच्या कायद्यांपैकी एक होता. १९१३ च्या घटनादुरुस्तीने आयकराचा मार्ग मोकळा होईपर्यंत संघराज्याची तिजोरी मुख्यतः आयातशुल्कावर भरत असे, त्यामुळे कोणत्या मालावर किती शुल्क हा प्रश्न तिथल्या राजकारणाच्या केंद्रस्थानी होता. १८३२ मध्ये तर साउथ कॅरोलिनाने संघराज्याचे शुल्क आपल्या हद्दीत अवैध ठरवण्यापर्यंत मजल मारली होती.

१९३० मध्ये स्मूट आणि हॉली यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा आला, इतर देशांनी प्रत्युत्तर दिले, जागतिक मंदी आणखी खोल गेली, आणि काँग्रेसचे हात पोळले. १९३४ मध्ये परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांच्या पुढाकाराने नवा कायदा झाला. दुसऱ्या देशाशी करार करून शुल्क निम्म्यापर्यंत कमी-जास्त करण्याची मुभा त्याने राष्ट्राध्यक्षांना दिली आणि त्या मुभेला तीन वर्षांची मुदत घातली. पुढे १९६२ मध्ये राष्ट्रीय सुरक्षेचे कलम २३२ आले. १९७४ मध्ये कलम १२२ (देण्याघेण्याच्या तुटीसाठी), २०१ (आयातीच्या लोंढ्याविरुद्ध) आणि ३०१ (अन्याय्य व्यापारपद्धतींविरुद्ध) आली. १९७७ मध्ये आणीबाणीचा कायदा आला. या सगळ्यामागचे गृहीत साधारण एकच होते: खासदार आपापल्या मतदारसंघातील कारखान्यांसाठी संरक्षण मागत राहतील, आणि राष्ट्राध्यक्ष संपूर्ण देशाचा विचार करून खुल्या व्यापाराकडे झुकतील. शुल्क चढवण्यातच ज्याला रस आहे असा माणूस व्हाइट हाउसमध्ये बसला तर काय, याचा विचार या कायद्यांच्या रचनेत फारसा दिसत नाही.

एक लगाम मात्र ठेवला होता. १९७६ च्या राष्ट्रीय आणीबाणी कायद्यानुसार दोन्ही सभागृहांनी ठराव केला की आणीबाणी संपत असे, त्यावर राष्ट्राध्यक्षांच्या सहीची गरज नव्हती. १९८३ मध्ये चढ्ढा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकारचे सहीविना ठराव घटनाबाह्य ठरवले. नंतर कायदा बदलून संयुक्त ठरावाची तरतूद करण्यात आली, आणि संयुक्त ठरावावर राष्ट्राध्यक्ष नकाराधिकार वापरू शकतात. म्हणजे ज्याच्या निर्णयाविरुद्ध ठराव करायचा त्याचीच संमती घ्यायची, किंवा दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मते जमवायची. २०१९ मध्ये मेक्सिको सीमेवरील भिंतीच्या आणीबाणीविरुद्धचा ठराव सेनेटमध्ये ५९ विरुद्ध ४१ मतांनी मंजूर झाला होता, तरी नकाराधिकारापुढे तो टिकला नाही.

माझ्या मते हाच या प्रश्नाचा गाभा आहे: काँग्रेस गप्प बसली तर शुल्क टिकते की संपते? आज ते टिकते. डेमोक्रॅटिक पक्षाच्या मारिया कँटवेल आणि रिपब्लिकन पक्षाचे चक ग्रासली यांनी ३ एप्रिल २०२५ रोजी मांडलेले विधेयक नेमके हे उलटवू पाहते. नवे शुल्क लावल्यापासून ४८ तासांत राष्ट्राध्यक्षांनी काँग्रेसला कारणांसह कळवायचे, आणि ६० दिवसांत काँग्रेसने मंजुरी दिली नाही तर ते शुल्क आपोआप रद्द. प्रतिनिधिगृहात नेब्रास्काचे रिपब्लिकन सदस्य डॉन बेकन यांनी तसेच विधेयक आणले. व्हाइट हाउसने लगोलग नकाराधिकाराचा इशारा दिला.

सदस्यांची मते वाचायला आवडतील. 'ट्रम्प चांगले की वाईट' यासाठी इतर धागे आहेत, ती चर्चा कृपया तिकडे करावी.

नीरक्षीर

मांडणी आवडली, पण तुम्ही १९३० चा उल्लेख दोन ओळींत उरकला आहे आणि तिथेच माझी हरकत आहे. काँग्रेसच्या हातात शुल्क असले म्हणजे काय होते, याचा तो सर्वांत स्पष्ट पुरावा आहे. सेनेटर रीड स्मूट यूटाचे, त्यांना बीटसाखरेला संरक्षण हवे होते. विलिस हॉली ओरेगनचे, तिथल्या लाकडाचे आणि शेतीचे हितसंबंध वेगळे. 'तू माझ्या साखरेला मत दे, मी तुझ्या लाकडाला देतो' अशा देवाणघेवाणीतून शेकडो वस्तूंवरचे शुल्क चढत गेले. १,०२८ अर्थशास्त्रज्ञांनी राष्ट्राध्यक्ष हूवर यांना सही करू नका असे लेखी कळवले होते, तरीही १७ जून १९३० रोजी सही झाली. त्या वेळी शुल्काच्या प्रत्येक आकड्यावर खासदारांनीच मतदान केले होते, हे विसरून चालणार नाही.

दुसरे असे की राष्ट्राध्यक्ष हा साऱ्या देशातून निवडून येणारा माणूस आहे. ४३५ मतदारसंघांच्या ओढाताणीतून व्यापारधोरण ठरवण्यापेक्षा एका उत्तरदायी व्यक्तीने ठरवावे, हा विचार १९३४ मध्ये चुकीचा नव्हता आणि तत्त्व म्हणून आजही नाही. एक व्यक्ती आवडत नाही म्हणून यंत्रणाच मोडायची का?

तटस्थ

नीरक्षीर, काँग्रेसने पुन्हा एकेका वस्तूचे शुल्क ठरवत बसावे असे मी म्हटलेले नाही आणि कँटवेल-ग्रासली विधेयकही तसे म्हणत नाही. प्रस्ताव राष्ट्राध्यक्षांचा, होकार किंवा नकार काँग्रेसचा, आणि मध्ये दुरुस्त्यांना जागा नाही अशी पद्धत १९७४ पासून व्यापार करारांसाठी वापरली गेली आहे. कॅनडा आणि मेक्सिकोबरोबरचा नवा करार याच पद्धतीने प्रतिनिधिगृहात ३८५ विरुद्ध ४१ आणि सेनेटमध्ये ८९ विरुद्ध १० मतांनी मंजूर झाला. साखर आणि लाकडाच्या सौद्याला दुरुस्त्यांची वाट लागते, ती बंद असली की निम्मा धोका टळतो. आणि गंमत बघा, दोन्ही सभागृहांनी इतक्या मोठ्या बहुमताने मंजूर केलेल्या त्याच कराराच्या भागीदारांवर फेब्रुवारी २०२५ मध्ये फेंटानिल या घातक अमली पदार्थाच्या आणीबाणीचे कारण देऊन एका सहीने शुल्क जाहीर झाले.

आयोवावासी

मी डेस मॉइन्समध्ये राहतो. शेतीशी माझा संबंध कामापुरता, म्हणजे धान्य सहकारी संस्थांसाठी संगणकप्रणाली सांभाळण्यापुरता आहे. तेवढ्यावरून काही लिहितो.

इथे गावोगावी धान्याचे एलिव्हेटर, म्हणजे खरेदी-साठवणुकीची उंच कोठारे, असतात. त्यांच्या कार्यालयात भावाच्या पडद्यावर दोन आकडे दिसतात: शिकागोचा वायदेभाव, आणि त्याखाली इथला भाव त्यापेक्षा किती कमी आहे तो 'बेसिस'. वायदेभाव बातम्यांमध्ये येतो. शेतकऱ्याचे डोळे मात्र बेसिसवर असतात. २०२५ च्या कापणीच्या हंगामात चीनने अमेरिकन सोयाबीनची नवी खरेदी जवळपास थांबवली होती, तेव्हा ट्रॉली रिकामी करून वजनाची पावती घ्यायला आत आलेले लोक त्या दुसऱ्या आकड्यापाशी थांबून राहत. काही न बोलता पावती खिशात घालून जात. ग्रासली हे याच राज्याचे सेनेटर. नव्वदी ओलांडलेले, अनेक दशके सेनेटमध्ये असलेले, आणि २०१९ मध्ये वित्त समितीचे अध्यक्ष असतानाही कलम २३२ ला आळा घालायचा प्रयत्न केलेले. त्यांच्या नावाचे विधेयक पक्षशिस्त मोडून कुठून आले हे समजून घ्यायचे असेल तर त्या भावफलकाजवळ उभे राहावे लागेल.

पण इथेच एक गोम आहे, जी दिल्ली-मुंबईच्या वृत्तपत्रांत मला वाचायला मिळाली नाही. डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या संघीय सरकारने शेतकऱ्यांसाठी १२ अब्ज डॉलरांची मदत जाहीर केली. २०१८-१९ च्या चीनबरोबरच्या शुल्कयुद्धातही अशीच मदत दिली गेली होती. दोन्ही वेळा पैसा कृषी खात्याच्या अखत्यारीतल्या जुन्या कर्जमंडळातून आला, त्यासाठी काँग्रेसने स्वतंत्र मतदान केले नाही. म्हणजे शुल्काने मार बसतो तोही राष्ट्राध्यक्षांच्या सहीने आणि मलमपट्टी होते तीही त्यांच्याच सहीने. अशा स्थितीत नुकसान झालेला शेतकरी आपल्या खासदाराचे दार कशाला ठोठावेल? शुल्काचा अधिकार परत घ्यायचा असेल तर मदतीच्या त्या पेटीचे कुलूपही तपासावे लागेल. नुसत्या शुल्काच्या विधेयकाने खासदारांचे महत्त्व परत येणार नाही.

आणखी एक निरीक्षण. रिपब्लिकन पक्षातून उघडपणे विरोधात मत देणारे कोण आहेत ते पाहा. बेकन पुन्हा निवडणूक लढवणार नाहीत. सेनेटर मिच मॅकॉनेलही लढवणार नाहीत. सेनेटर रँड पॉल तत्त्वाने करविरोधी आहेत आणि त्यांचे केंटकी राज्य बर्बन व्हिस्कीचे. मार्च २०२५ मध्ये कॅनडातील प्रांतांनी अमेरिकन दारू दुकानांच्या फळ्यांवरून काढून टाकली तेव्हा तो फटका थेट तिथे बसला. ज्यांना पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीला सामोरे जायचे आहे ते खाजगीत एक बोलतात आणि सभागृहात दुसरेच मत देतात.

सोलापुरी टेरी

आमच्याकडे टॉवेल होतात आणि त्यातला बराच माल अमेरिकेला जातो. मी निर्यातीची कागदपत्रे पाहतो. सेनेट आणि प्रतिनिधिगृह यांच्यात कोण श्रेष्ठ हे मला ठाऊक नाही, पण एका माणसाच्या सहीने शुल्क बदलते तेव्हा टेबलावर काय घडते ते सांगतो.

७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर २५ टक्के शुल्क लागले आणि २७ ऑगस्टपासून रशियन तेलाच्या कारणावरून आणखी २५ टक्के. जो माल २७ तारखेआधी जहाजावर चढला आहे आणि १७ सप्टेंबरच्या आत अमेरिकेत दाखल होईल त्याला जादा शुल्कातून सूट होती. त्यामुळे एकच प्रश्न उरला: कंटेनर जहाजावर नक्की कधी चढला? कंटेनर बंदरात पोचल्याची तारीख चालत नाही, बिल ऑफ लेडिंगवरची, म्हणजे जहाज कंपनीच्या मालपावतीवरची, चढवल्याची तारीख लागते. एकाच ऑर्डरचे दोन कंटेनर, एकाच रंगाचा माल, एक वाचला आणि दुसरा पुढच्या जहाजावर ढकलला गेल्यामुळे ५० टक्क्यांत सापडला. खरेदीदाराने विनम्र भाषेत पत्र पाठवले की शुल्काचा काही भाग आपण उचलावा. आम्ही किंमत कमी केली. न करून सांगता कुणाला, मागे माग चालू होते आणि गोदामात त्यांच्या लेबलचा माल पडला होता, जो दुसऱ्या कुणाला विकता येत नाही.

आता निकाल लागला आहे. परताव्याचे काय, याबद्दल न्यायालयाने निकालपत्रात काही सांगितलेले नाही, आणि परतावा मिळाला तरी तो अमेरिकन सीमाशुल्क खात्याच्या कागदावर आयातदार म्हणून ज्याचे नाव आहे त्याला मिळेल. आम्ही दिलेली सूट ही शुल्क म्हणून कुठेच नोंदलेली नाही; ती फक्त कमी झालेली किंमत आहे. बेकायदा ठरलेल्या शुल्काचा एक हिस्सा सोलापूरने भरला आणि त्याचा परतावा दुसऱ्याच्या खात्यात जाणार. म्हणून माझे मत असे आहे की ६० दिवसांत मंजुरी घेण्याचा नियम निर्यातदाराच्या सोयीचा आहे. मंजुरी मिळो वा न मिळो, निदान कुठल्या तारखेला अनिश्चितता संपेल ते कळेल. निकालाला लागलेल्या वर्षभरात आमच्या किमती ठरून गेल्या होत्या.

भोसरीकर

सोलापुरी टेरी, तुम्हाला निदान परताव्यावर भांडता तरी येईल. वाहनांच्या सुट्या भागांवरचे शुल्क कलम २३२ खालचे आहे, त्याला या निकालाने हातही लावलेला नाही. पोलाद आणि ॲल्युमिनियम तर जून २०२५ पासून ५० टक्क्यांवर आहेत.

कायद्याचा कीस

भोसरीकरांनी सांगितलेला मुद्दा या धाग्यात फार पुढे यायला हवा. आणीबाणी कायद्याखालचे शुल्क गेले तरी कलम २३२ शाबूत आहे. वाणिज्य खात्याने चौकशी करायची, त्यासाठी कमाल २७० दिवस. 'राष्ट्रीय सुरक्षेला धोका' असा निष्कर्ष निघाला की राष्ट्राध्यक्षांनी ९० दिवसांत काय करायचे ते ठरवायचे. शुल्काला कमाल मर्यादा नाही, मुदतीची अट नाही. या कलमाचा अर्थ व्यापक आहे असे सर्वोच्च न्यायालयानेच १९७६ मध्ये तेलावरील परवाना शुल्काच्या खटल्यात म्हटले होते. त्यामुळे ज्यांना वाटते की न्यायालयाने काँग्रेसचे काम करून टाकले, त्यांनी थांबावे.

धागाकर्त्यांनी दोनतृतीयांशाची अट जवळपास अशक्य असल्यासारखी मांडली आहे. इतिहासात एक उदाहरण उलट दिशेचे आहे. १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी याच कलम २३२ च्या आधारे आयात तेलावर शुल्क लावले, ज्याने पेट्रोल गॅलनमागे १० सेंटने महागले असते. आधी एका संघीय न्यायाधीशांनी ते अडवले. मग काँग्रेसने ते रद्द करण्याची तरतूद केली, कार्टर यांनी नकाराधिकार वापरला, आणि दोन्ही सभागृहांत त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे बहुमत असताना काँग्रेसने तो नकाराधिकार प्रचंड मतांनी धुडकावला. त्याच वर्षी कलम २३२ मध्ये काँग्रेसच्या नापसंतीची तरतूदही घालण्यात आली, पण फक्त खनिज तेलापुरती. पोलाद, गाड्या, तांबे यांना ती लागू नाही. पेट्रोलपंपावरचा आकडा मतदाराला रोज दिसतो म्हणून खासदार धावले. पोलादाच्या पत्र्याचा भाव कुणाला रोज दिसतो?

२०१८ मध्ये सेनेटर बॉब कॉर्कर यांनी कलम २३२ चे शुल्क काँग्रेसच्या मंजुरीवर अवलंबून ठेवण्याची दुरुस्ती आणू पाहिली होती. ती मतदानालाच येऊ दिली गेली नाही. त्यानंतर जुलैमध्ये याच आशयाचा बंधनकारक नसलेला प्रस्ताव मात्र ८८ विरुद्ध ११ मतांनी मंजूर झाला. बंधन नसले की धैर्याला तोटा नसतो.

गोदातीर

अमेरिकेच्या काँग्रेसला आपण उपदेश करतो आहोत, पण आपल्याकडे काय चालते? ऑगस्ट २०२३ मध्ये एका शनिवारी अधिसूचना निघाली आणि कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले. सोमवारी नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांमध्ये व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले, बंदरावर कंटेनर अडकले. डिसेंबरमध्ये निर्यातबंदीच आली. मग २०२४ मध्ये किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के, नंतर २० टक्के, आणि १ एप्रिल २०२५ पासून शून्य. यातल्या कोणत्या टप्प्यावर लोकसभेत आधी चर्चा झाली? लासलगावच्या शेतकऱ्याला त्या वेळी जे वाटले तेच आज आयोवाच्या शेतकऱ्याला वाटत असणार.

कायद्याचा कीस

गोदातीर, प्रश्न रास्त आहे आणि धाग्याच्या विषयाशी त्याचा थेट संबंध आहे, म्हणून उत्तर देतो. आपल्या राज्यघटनेचा २६५ वा अनुच्छेद कायद्याच्या आधाराशिवाय कर नाही असे सांगतो. पण १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्याचे कलम ८ निर्यातशुल्क आणि कलम ८-अ आयातशुल्क तातडीने वाढवण्याची मुभा सरकारला देते. पुलवामाच्या हल्ल्यानंतर १६ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानी मालावर लागलेले २०० टक्के शुल्क याच ८-अ कलमाखालचे. अशी अधिसूचना संसदेपुढे ठेवावी लागते आणि ठराविक दिवसांत मंजुरीचा ठराव मांडावा लागतो. निर्यातबंदी मात्र वेगळ्या, १९९२ च्या विदेश व्यापार कायद्याखाली होते.

म्हणजे कँटवेल-ग्रासली विधेयक जी रचना मागते आहे तिच्याशी मिळतीजुळती तरतूद आपल्या कायद्यात आधीपासून आहे. तरी तिचा धाक का वाटत नाही? कारण आपल्याकडे सरकार टिकते तेच लोकसभेतील बहुमतावर. स्वतःच्याच सरकारची अधिसूचना बहुमत नाकारेल, अशी परिस्थिती आली तर ते सरकारच राहणार नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस यांची निवड वेगवेगळी होते, त्यामुळे तिथे मंजुरीच्या अटीला खरे वजन आहे. तिथला ग्रासली पक्षात राहून राष्ट्राध्यक्षांविरुद्ध विधेयक मांडू शकतो. इथे पक्षादेश मोडणाऱ्या खासदाराची सदस्यता पक्षांतरबंदी कायद्याने जाऊ शकते. कांद्यासाठी वेगळा धागा काढल्यास मी तिथे सविस्तर लिहीन.

नीरक्षीर

वरची बरीच माहिती मला नवीन होती. तरीही एक व्यावहारिक अडचण कुणी सोडवलेली नाही. समजा ६० दिवसांची अट आली. मग समोरचा देश वाटाघाटीला बसेलच कशाला? तो ६० दिवस गप्प बसेल, सेनेटमधील मतांची गणिते करेल, आणि शुल्क आपोआप पडण्याची वाट पाहील. शुल्काची धमकी ही धमकी म्हणून तेव्हाच चालते जेव्हा ती टिकेल याची खात्री असते. जपान, युरोपीय संघ, दक्षिण कोरिया यांनी २०२५ मध्ये जे करार केले ते या खात्रीमुळेच.

आयोवावासी

नीरक्षीर, या तर्काची दुसरी बाजू अशी की ज्या शुल्कामागे काँग्रेसचे मत आहे ते शुल्क जास्त टिकाऊ आहे, म्हणून त्याची धमकीही जास्त खरी. केवळ सहीवर उभे असलेले शुल्क न्यायालयात पडू शकते, किंवा दुसऱ्या सहीने उद्या बदलू शकते. ज्या करारांची तुम्ही उदाहरणे दिलीत, त्यांच्यामागचे आणीबाणीचे शुल्क निकालाने गेले आणि आता त्या देशांना कशाच्या बदल्यात काय दिले हे नव्याने मोजावे लागत आहे. मतदान आधी झाले असते तर ही वेळ आली नसती.

तटस्थ

चर्चा चांगली चालली आहे. मी सुरुवातीच्या लेखनात एक प्रकरण जागेअभावी वगळले होते, ते आता सांगतो, कारण काँग्रेसला जाग आली असे म्हणताना ती किती वेळ झोपेचे सोंग घेऊन पडली होती हेही नोंदवायला हवे.

आणीबाणी संपवण्याचा ठराव कुणी मांडला तर तो समितीत कुजत पडू नये म्हणून कायद्यानेच दिवस मोजून दिले आहेत: समितीकडे १५ दिवस, त्यानंतर सभागृहात मतदान. मार्च २०२५ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या रिपब्लिकन नेतृत्वाने सरकारी खर्चाच्या विधेयकाबरोबरच्या नियमात एक वाक्य घातले. त्याचा आशय असा की १ फेब्रुवारीला जाहीर झालेल्या आणीबाणीविरुद्धच्या ठरावापुरता या अधिवेशनाचा उरलेला कोणताही दिवस 'दिवस' म्हणून मोजला जाणार नाही. सूर्य उगवत होता, मावळत होता, सभागृहात तारीख मात्र पुढे सरकत नव्हती. अशाच युक्तीने जागतिक शुल्काविरुद्धच्या, म्हणजे एप्रिल २०२५ मध्ये जवळपास सर्व देशांवर जाहीर झालेल्या शुल्काविरुद्धच्या, ठरावालाही अडवले गेले. सेनेटला ही पळवाट उपलब्ध नव्हती. तिथे २ एप्रिल २०२५ रोजी कॅनडाविषयीचा ठराव ५१ विरुद्ध ४८ मतांनी मंजूर झाला. महिनाअखेरीस जागतिक शुल्काचा ठराव ४९-४९ वर अडला, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस पुन्हा मतदान झाले तेव्हा ५१ विरुद्ध ४७ ने मंजूर झाला. प्रतिनिधिगृहात दिवस न मोजण्याची मुदत आणखी वाढवण्याचा प्रयत्न फेब्रुवारी २०२६ मध्ये मोजक्या रिपब्लिकन सदस्यांनी साथ सोडल्यामुळे फसला, आणि दुसऱ्याच दिवशी कॅनडावरील शुल्काविरुद्धचा ठराव २१९ विरुद्ध २११ मतांनी मंजूर झाला. नकाराधिकारापुढे हा आकडा पुरेसा नाही हे खरे. पण त्या २११ जणांना आता 'मतदानच झाले नाही' असे मतदारसंघात सांगता येणार नाही, आणि नोव्हेंबर २०२६ मध्ये काँग्रेसची निवडणूक आहे.

राष्ट्राध्यक्षांची सही लागणारे विधेयक राष्ट्राध्यक्षांचाच अधिकार कमी कसे करणार, हा प्रश्न उरतोच. मला दोन वाटा दिसतात. एक म्हणजे संरक्षण किंवा खर्चाच्या अशा विधेयकाला ही तरतूद जोडणे, जे नाकारणे व्हाइट हाउसला परवडणार नाही. कार्टर यांच्या वेळी काहीसे तेच झाले, ते कलम सरकारच्या कर्जमर्यादेच्या विधेयकात होते. दुसरी म्हणजे कायदा आजच करणे पण तो पुढच्या राष्ट्राध्यक्षांपासून लागू होईल असे लिहिणे. पुढचा राष्ट्राध्यक्ष कोणत्या पक्षाचा असेल हे माहीत नसताना दोन्ही बाजूंना मर्यादा हवीशी वाटू शकते.

सोलापुरी टेरी

निकालानंतर लगेच लावलेले १० टक्के शुल्क कोणत्या कलमाखाली आहे आणि ते कधी संपते, हे कुणी सोप्या शब्दांत सांगेल का? खरेदीदार जुलैनंतरच्या मालाचे भाव मागत आहेत.

कायद्याचा कीस

ते १९७४ च्या कायद्याचे कलम १२२ आहे. देशाच्या देण्याघेण्याच्या ताळेबंदात मोठी आणि गंभीर तूट असेल तर जास्तीत जास्त १५ टक्के शुल्क जास्तीत जास्त १५० दिवस लावता येते. त्यापुढे वाढवायचे असेल तर काँग्रेसने कायदा करावा लागतो. हे कलम यापूर्वी कधीही वापरले गेले नव्हते. शुल्क २४ फेब्रुवारी २०२६ पासून लागू झाले, त्यामुळे १५० दिवस जुलैच्या अखेरच्या आठवड्याआधी भरतात. म्हणजे 'गप्प बसल्यास शुल्क संपते' ही धागाकर्त्यांना हवी असलेली रचना या एका कलमात १९७४ पासून तयार आहे, आणि नीरक्षीर यांनी मांडलेल्या ६० दिवसांच्या शंकेची खरी परीक्षाही याच उन्हाळ्यात होईल.

पण भाव देताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. १५० दिवस संपल्यावर राष्ट्राध्यक्षांनी नवी घोषणा करून पुन्हा १५० दिवस सुरू करू नयेत, असे या कलमात कुठेही स्पष्ट लिहिलेले नाही. शिवाय कलम ३०१ च्या चौकश्या आहेत, आणि १९३० च्या त्याच कायद्यातले कलम ३३८ आहे, जे अमेरिकन मालाशी भेदभाव करणाऱ्या देशावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क लावू देते आणि आजवर ज्याखाली कधीच शुल्क लागलेले नाही. तेव्हा जुलैनंतरच्या कोटेशनमध्ये शुल्कातील बदल कोण सोसणार आणि परतावा आल्यास तो कसा वाटला जाईल, ही दोन कलमे खरेदीदाराच्या सहीनिशी घालून घ्या.

सोलापुरी टेरी

धन्यवाद. दुसरे कलम आमच्या एकाही जुन्या करारात नाही. आजच मसुदा करतो.